उतारावरचा नववा सूर

ज्या काळी राजेदेखील डोंगर पायीच चढत असत, त्या काळची ही गोष्ट आहे. तिच्यात एक चूक झाली आणि ती मी केली. पुढे कधी ती दुसऱ्या कुणाच्या नावावर जाऊ नये, म्हणून आधीच स्पष्ट सांगते. एका म्हाताऱ्या बाईचा सूर तिच्या हातातून काढून घ्यावा, हा निर्णय माझा होता. त्याचे कारण मीच शोधले होते, आणि ते कारण योग्य आहे याविषयी माझ्या मनात तिळभरही शंका नव्हती. लहानांनी ही गोष्ट ऐकावी. मोठ्यांनी तर अधिक लक्ष देऊन ऐकावी, कारण अशी चूक बहुधा मोठ्यांकडूनच होते.

सुंदा देशाच्या डोंगरांत चिलुहुर नावाचे एक गाव होते. मी तेथे शिक्षिका होते. माझा जन्म खालच्या सपाट मुलखातला. शिकवण्यासाठी म्हणून मी डोंगर चढून आले आणि पुष्कळ वर्षे राहिले. गावकरी मला 'न्याई गुरू' म्हणत. 'न्याई' हा तिकडे स्त्रीला मानाने लावायचा शब्द. मुलांना मी अक्षरे शिकवीत असे, थोरांपुढून जाताना कसे वाकावे आणि 'पुन्तेन' म्हणून वाट कशी मागावी हे शिकवीत असे, आणि गावाची अंगक्लुंगची तालीमही मीच घेत असे.

अंगक्लुंग हे बांबूचे वाद्य आहे. बांबूच्या चौकटीत बांबूच्याच दोन-तीन नळ्या सैल टांगलेल्या असतात. चौकट हलवली की नळ्या थरथरतात आणि सूर उमटतो. मात्र एका अंगक्लुंगातून एकच सूर निघतो. दुसरा सूर हवा असेल, तर दुसरे अंगक्लुंग लागते.

चिलुहुरमध्ये असे नऊ सूर होते आणि ते नऊ घरांचे होते. प्रत्येक घराच्या मधल्या खांबाला त्या घराचे अंगक्लुंग टांगलेले असे. आईकडून ते मुलीकडे जाई, सासूकडून सुनेकडे जाई. एका घराचा सूर दुसऱ्या घराने वाजवायचा नाही, अशी गावाची रीत होती.

हे नऊ सूर वर्षातून एकदाच एकत्र येत. त्या दिवसाविषयी सांगायला बसले की माझे मलाच भान राहत नाही, तरीही थोडक्यात सांगते.

तिकडे डोंगराच्या पायऱ्या-पायऱ्यांवर भाताची खाचरे होती. भात विळ्याने कापीत नसत. बायका तळहातात लपेल एवढे इवलेसे पाते घेऊन एकेक लोंबी खुडत. भाताची देवी न्याई श्री हिला उघडे लोखंड दिसू नये, ती घाबरू नये, हा त्यामागचा भाव होता. लोंब्यांच्या पेंढ्या बांधत, बांबूच्या मांडवांवर त्या वाळवत, आणि एका ठरलेल्या सकाळी वरच्या खाचरांवरून खालच्या कोठारात आणत.

पेंढ्या कावडीने येत. कावडीच्या बांबूला खाच पाडलेली असे. भाराचा दोर तिच्यात घासला, की पावलागणिक 'करेक्, करेक्' असा आवाज होई. पुढे नऊ अंगक्लुंग आणि मागे बारा कावडी! पलीकडच्या डोंगरावरची माणसे हातातली कामे टाकून म्हणत, "चिलुहुरची देवी घरी निघाली." वाळलेल्या भाताचा तो गोडसर वास, धुक्यातून खाली येणारा तो आवाज, कोठाराच्या दाराशी केळीच्या पानांत वाफाळणारा चिकट भात आणि त्यावरचा ताडाचा गूळ. आता मी पुन्हा सपाट मुलखात राहते. येथेही भात पिकतो, पण तो गाडीतून मुकाट्याने घरी येतो. कधी कुणाच्या विहिरीचा रहाट करकरतो, आणि लिहिता लिहिता माझी लेखणी थांबते.

मिरवणूक कोठाराच्या दाराशी आली, की गावप्रमुख आबाह सुवार्मा देवीसमोर नऊ घरांची नावे घेत. ज्या घराने जो सूर वाजवला, त्या घराचे नाव त्या सुराबरोबर घेतले जाई. देवीसमोर घेतलेले नाव मागे घेता येत नसे. एकदा उच्चारले, की तो सूर कायमचा त्या घराचा होई.

नववे घर नीनी रुमसीचे होते. 'नीनी' म्हणजे आजी. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि तिला मूलबाळ नव्हते. घरात दोन मडकी, एक चटई, दोन भांडखोर कोंबड्या आणि मधल्या खांबाला नववा सूर, एवढीच तिची मालमत्ता. तिचे अंगक्लुंग नऊंत सर्वांत मोठे होते. त्याचा सूर खालचा आणि घुमणारा होता. वर्षभर तिला सगळे 'नीनी' म्हणूनच हाक मारीत. फक्त त्या एका सकाळी आबाह मोठ्याने म्हणत, "नववा सूर, रुमसीचे घर!" आणि साऱ्या गावाला आठवण होई, की या म्हातारीला नाव आहे आणि घरही आहे.

आता माझ्या चुकीकडे येते.

त्या वर्षी मला खालच्या मुलखातून निरोप आला. ज्यांच्या हाताखाली मी ताल शिकले, ते माझे वृद्ध गुरुजी चिलुहुरची मिरवणूक पाहायला येणार होते. वीस वर्षांत त्यांनी माझे काम पाहिले नव्हते. मला अतिशय आनंद झाला. त्याच आनंदात मी ठरवले, की यंदा मिरवणुकीत एकही दोष राहता कामा नये.

दोष कोणता, हे मला पाठ होते. दर वर्षी कोठाराच्या दाराशी पाहुण्यांबरोबर उभे राहणे हे माझे काम असे. वरून येणारे सूर मी तेथूनच ऐकत असे. आठ सूर वेळेवर येत आणि नववा मागे राही. फार नाही, एक श्वास घेण्याइतका. दर वर्षी मला तो श्वास खुपत असे.

मी शाळेच्या अंगणात तालमी सुरू केल्या. अंगण सारवलेले आणि अगदी सपाट होते. नऊ घरांची माणसे अर्धवर्तुळात उभी राहत आणि मी काठीने जमिनीवर ताल धरीत असे. कावडवाले शेतात गुंतलेले असत. त्यांचे तालमीत काही काम नाही, असे मी समजत होते.

"नीनी," मी पहिल्याच दिवशी म्हणाले, "आठव्या सुरानंतर तुमचा सूर लगेच यायला हवा. तुम्ही उशीर करता."

"करते का, न्याई?"

"दर वर्षी करता."

"ओझं टेकू दे की आधी."

"कसले ओझे? अंगण रिकामे आहे."

"तेच म्हणते मी," असे म्हणून ती बोळक्या तोंडाने हसली.

आठव्या घरच्या बाईने लगेच संधी साधली. "नीनी, तुमचा सूर येईपर्यंत माझ्या चुलीवर भात शिजून तयार होतो."

"मग बोलवत जा की जेवायला! एकटीच खातेस होय?"

सगळे अंगण हसले. मी हसले नाही. मला वाटले, ही म्हातारी स्वतःचा दोष थट्टेवारी नेते आहे. मी दहा वेळा तालीम घेतली आणि दहाही वेळा ती उशिरा वाजली. ती समोर न बघता सारखी मागे वळून काहीतरी शोधत असे. मागे तर शाळेची भिंत होती. मी मनाशी निष्कर्ष काढला: कान गेले, मान वळते आहे, लक्ष राहत नाही.

तिसऱ्या घरची एंतिन ही माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी होती. लग्नाच्या वयाची, शांत आणि हाताने अत्यंत नेमकी. एक दिवस तालीम संपल्यावर मी तिच्या उजव्या हातात तिचा तिसरा सूर ठेवला आणि डाव्या हातात नीनीचा नववा. तिने दोन्ही वाजवले. एका केसाचाही फरक पडला नाही. वीस वर्षांत ऐकला नव्हता, असा शुद्ध ताल मी त्या संध्याकाळी ऐकला.

मी आबाह सुवार्मांकडे गेले. ते कोठाराच्या छपरावर नवे गवत चढवत होते.

"एंतिन दोन्ही सूर वाजवील," मी सांगितले. "नीनीच्या हातून आता होत नाही."

आबाहांचा गवताची मूठ धरलेला हात थांबला. "दोन सूर एका घरात? असं कधी झालं नाही, न्याई गुरू."

"दोष तरी किती वर्षे चालवायचा?"

"तो दोष आहे का, ते मला कळत नाही. मला कोठार कळतं. तालाचं तुम्हांला कळतं." त्यांनी गवताची मूठ छपरात खोचली. "तुम्ही म्हणाल तसं."

त्या डोंगरात गुरूला 'नाही' म्हणण्याची पद्धत नव्हती. हे मला पूर्णपणे ठाऊक होते. तरीही मी ते उत्तर संमती म्हणून स्वीकारले.

नीनीचे घर उताराच्या मध्यावर, दगडी पायऱ्यांना लागून होते. एंतिनला बरोबर घेऊन मी तेथे गेले. नीनी चुलीपुढे कसाव्याचा कंद भाजत होती. तिने आम्हांला चटईवर बसवले, भाजलेल्या कसाव्याचे दोन तुकडे केले आणि मोठा माझ्यापुढे ठेवला. मी आडवळणाने बोलले नाही. नववा सूर यंदा एंतिन वाजवील, एवढेच सांगितले.

"यंदापुरता?" तिने विचारले.

खोटे बोलणे माझ्या स्वभावात नाही. "जी वाजवील, तिच्या घराचे नाव घेतले जाईल, नीनी. रीत तुम्हांला माहीत आहे."

"हो. मग नवव्या घराचं नाव…" तिने वाक्य पूर्ण केले नाही. ती उठली. खांबाचे अंगक्लुंग तिने खाली काढले, पदराने पुसले आणि एकेक नळी बोटाने थांबवली, झोपलेल्या मुलाला उचलावे तशी. मग ते दोन्ही हातांनी एंतिनपुढे धरले.

"उतारावर मागं बघत चाल, पोरी."

"मागे कशाला?" मी म्हणाले. "तिने माझ्या तालाकडे लक्ष द्यायचे आहे."

नीनीने माझ्याकडे पाहिले. "बरं, न्याई," ती म्हणाली, आणि कोंबड्यांना हाकलायला परसात गेली. मोठा तुकडा मी तसाच टाकून आले.

एंतिन वाटभर त्या नळ्या वाजू नयेत म्हणून बोटांनी धरून चालली. तिचे वडील मात्र फार खुश झाले. दोन सूर असलेले घर आजवर गावात झाले नव्हते. त्यांनी त्याच दिवशी मधल्या खांबाला दुसरी खुंटी ठोकली.

ठरलेली सकाळ उजाडली. माझे गुरुजी आदल्या दिवशीच पोहोचले होते. सकाळी मी वरच्या खाचरांवर जाऊन सर्वांना ओळीत उभे केले. बारा कावडी तयार होत्या. सर्वांत पुढची कावड कांग सार्ता, म्हणजे सार्तादादा, या तगड्या माणसाची होती, कारण तिच्यावर देवीच्या दोन पेंढ्या असत. एक फुलांनी सजवलेली आणि एक नव्या वस्त्रात गुंडाळलेली. कोठारात पोहोचेपर्यंत त्यांनी जमिनीला स्पर्श करायचा नाही, हा नियम होता. आणि वाटेत कुठेही थांबून कावड खाली ठेवायची नाही, हाही.

सार्ताने खांद्यावर, कावडीखाली कापडाची घडी सरकवली आणि पुढे पाहिले.

"नीनी कुठं आहे?"

"ती घरी आहे. यंदा एंतिन वाजवणार."

"मग पाय कोण बघणार?"

"पाय बघायचे नसतात," मी म्हणाले. "ताल ऐकायचा असतो."

त्याने कावडीचा दोर आवळला. मागचा एक कावडवाला पुटपुटला, "ताल ऐकू, न्याई गुरू, पण ओझं बहिरं असतं त्याचं काय?" दोघे-तिघे हसले. मी तिकडे दुर्लक्ष केले आणि पाहुण्यांजवळ उभी राहण्यासाठी आडवाटेने खाली आले.

कोठाराच्या दाराशी आम्ही उभे होतो: गुरुजी, आबाह, एंतिनचे वडील आणि मी. वरून सूर आले. एक, दोन, तीन. आठ आणि लगेच नऊ. मधला तो श्वास नव्हता. गुरुजींनी डोळे मिटले आणि मान हलवली.

"कुणीही मागे राहत नाही," ते म्हणाले. "ही तुझी शिकवण दिसते."

आयुष्यात त्याहून अधिक मी काहीच मागितले नव्हते.

पण उत्तम जुळलेला ताल स्वतःहूनच थोडा वेग घेतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. सपाट अंगणात तो वेग माझी काठी आवरीत असे. उतारावर त्याला आवरायला कुणीच नव्हते. सूर जलद झाले. त्यांच्यामागून येणारी करकर आधी पावलागणिक होती. ती आता एकात एक मिसळू लागली. आबाहांनी कपाळावर हात आडवा धरून वर पाहिले.

"धावतात का ही माणसं?" ते म्हणाले.

मिरवणूक दगडी पायऱ्यांवर आली. पहाटेच्या दवाने दगड ओले होते. मी खालून स्पष्ट पाहिले: सार्ताने पाऊल टाकले, ते नीट टेकण्याच्या आतच पुढचा सूर वाजला आणि त्याने पुढचे पाऊल उचलले. कावडीची मागची बाजू झुलली. भार एकदम खांद्यावर आला. त्याचा घोटा मुडपला आणि तो गुडघ्यावर कोसळला.

मात्र कावड त्याने सोडली नाही. दोन्ही हातांनी ती डोक्यावर उचलून धरून तो पायरीवर गुडघे टेकून राहिला. देवीच्या पेंढ्या जमिनीपासून वीतभर अंतरावर डोलत होत्या. सूर बंद पडले. त्याच्यामागे अकरा माणसे अकरा कावडी घेऊन ओल्या दगडांवर जागच्या जागी थिजली. खाली ठेवता येत नव्हते आणि पुढे जाता येत नव्हते.

एंतिनचे वडील सर्वांच्या आधी धावले. त्यांनी सार्ताच्या हातांतून कावड उचलून आपल्या खांद्यावर घेतली. दोन शेजाऱ्यांनी सार्ताला बाजूला बसवले. मीही धावले. इतक्या वर्षांत मिरवणूक उतरत असताना त्या पायऱ्या मी प्रथमच चढत होते. बाजूने पाहिले, तेव्हा बारा माणसांच्या पोटऱ्या थरथरत असलेल्या मला दिसल्या. मी बारा वर्षांच्या मुलांना हिशेब शिकवला होता. या बारा जोड पायांकडे कधी पाहिले नव्हते.

एंतिन तेवढ्यात नीनीच्या दाराशी पोहोचली होती. नीनी उंबऱ्यावर बसून सारे पाहत होती. एंतिन वाकली आणि तिने नववे अंगक्लुंग दोन्ही हातांनी पुढे केले.

"घ्या, नीनी. तुम्ही वाजवा."

"मी नाही. दिलेली वस्तू मी परत घेत नाही."

"माणसं पडतील, नीनी!"

"म्हणून तर सांगते, उभी काय राहतेस? चल." ती गुडघ्यांवर हात देत उठली आणि एंतिनचे डावे मनगट धरून तिला कावडींपुढे घेऊन आली. "दोन्ही सूर तूच वाजव. तोंड मागं कर. पुढच्या माणसाच्या पायाकडं बघ. टाचेकडं नको, बोटांकडं बघ."

"बोटांकडे?"

"बोटं दगडावर पसरली, म्हणजे ओझं टेकलं. मग हलव. त्याच्या आधी राजानं सांगितलं तरी हलवायचं नाही."

मग तिने पुढच्या सात जणांना ओरडून सांगितले, "आणि तुम्ही! घरी चुलीवर काही करपत नाही ना? मग सावकाश!"

पहिला सूर आला. दुसरा, तिसरा, आठवा आला. मग काही नाही. एंतिनच्या वडिलांचे पाऊल खालच्या पायरीवर उतरले. कावड डोलली, स्थिर झाली. त्यांच्या पायाची बोटे ओल्या दगडावर पसरली. नीनीने एंतिनचे मनगट दाबले आणि नववा सूर घुमला. एका श्वासाने उशिरा.

त्या एका श्वासात बारा माणसांनी दम घेतला.

मी पायऱ्यांच्या कडेला उभी होते आणि माझ्या समोरून ती सारी मिरवणूक उतरली. दर नवव्या सुराआधी तो श्वास येत होता. खालून मला तो दोष म्हणून ऐकू येत असे. येथे, चार हातांवरून, त्यात पाऊल टेकणे दिसत होते. बारा कावडी खाली पोहोचल्या. एकही पेंढी जमिनीला लागली नाही.

बाजूला बसलेल्या सार्ताच्या घोट्यावर मी आपल्या हाताने पाला बांधला. त्याने मला एकही कडू शब्द ऐकवला नाही. फक्त एवढेच सांगितले, "नीनीचा नवरा याच दगडावर पडला होता, न्याई गुरू. कंबर गेली ती कायमचीच. तेव्हापासून म्हातारी मागं बघत चालते. एकतीस वर्षं झाली, कुणी पडलं नव्हतं."

"मला कुणीच कसे सांगितले नाही?"

तो ओशाळून हसला. "आम्हांला वाटलं, तुम्हांला माहीत असणार. तुम्हांला सगळंच माहीत असतं ना!"

कोठाराच्या दाराशी सारे गाव जमले. आबाहांनी नावे घ्यायला सुरुवात केली. पहिला सूर, दुसरा, तिसरा. आठव्या घराचे नाव झाले आणि ते थांबले. देवीच्या दोन पेंढ्या अजून एंतिनच्या वडिलांच्या खांद्यावर होत्या. नऊ नावे पूर्ण झाल्याशिवाय त्या आत जात नसत.

"नववा सूर कोणी वाजवला?" आबाहांनी विचारले.

"नीनीने," एंतिन म्हणाली.

"देवीपुढं खोटं बोलू नकोस," नीनी तिच्यामागून म्हणाली. "हात तुझा होता."

"डोळे तुमचे होते!"

"नाव हाताचं घेतात, डोळ्यांचं नाही. रीत आहे ती."

आबाहांनी एंतिनच्या वडिलांकडे पाहिले. रीतीप्रमाणे त्यांनी मागणी केली असती, तर नववा सूर त्यांच्या घरी गेला असता. खुंटी तर ठोकूनच ठेवली होती. त्यांनी खांद्यावरची कावड सावरली. घाम त्यांच्या कानांवरून ओघळत होता.

"खुंटी मी ठोकली हे खरं," शेवटी ते म्हणाले. "पण तेव्हा माझ्या खांद्यावर काही नव्हतं. आज मधल्या पायरीवर माझा पाय घसरत होता, आणि सूर थांबून राहिला. तो माझ्या पोरीनं थांबवला नाही. पुढल्या वर्षी पुन्हा कुणीतरी ही कावड उचलणारच. त्याला विचारा, हा सूर कुणाच्या घरी असावा."

मी पुढे झाले. 'पुन्तेन' म्हणून, मुलांना शिकवीत असे तशीच कमरेत वाकून, मी वाट मागितली. मग सर्वांसमोर सांगितले, की नीनीच्या तालात दोष नव्हता. दोष मी सपाट जागी उभी राहून काढला होता. आणि आबाहांकडून, नीनीकडून जी संमती मी घेतली, ती माझ्या मानाच्या जोरावर घेतली होती. एवढे बोलायला मला फार वेळ लागला.  

गुरुजी माझ्याजवळ आले. "मीही खालीच उभा होतो," ते म्हणाले. "आणि मीच मान हलवली. तेव्हा अर्धे वाकणे माझ्याकडे लागले." आणि ते नीनीसमोर वाकले.

नीनी गोंधळली. "उठा, उठा. दोघंही उठा. पेंढ्या बाहेर उन्हात आहेत आणि तुम्ही वाकाय-बिकायचं काय काढलंत?"

मग दाराशीच ठरवाठरव झाली. देवीसमोर नाव हाताचे घ्यावे, ही रीत तशीच राहील; परंतु उतारावर ज्याच्या नजरेने हात हलतो, त्याचाच तो हात मानावा, असे आबाह सुवार्मांनी सांगितले आणि बाराही कावडवाल्यांनी होकार दिला. सार्ता बसल्या जागेवरून दोन्ही हात वर करून ओरडला. तेव्हा आबाहांनी मोठ्याने नाव घेतले, "नववा सूर, रुमसीचे घर!" आणि पेंढ्या आत गेल्या.

एंतिनने तिसरा सूर आपल्या घरी ठेवावा, आणि दर सुगीच्या आधी महिनाभर नीनीच्या घरी राहून पायांकडे पाहायला शिकावे, असे ठरले. नीनीच्या माघारी ते घर आणि तो सूर यांची निगा एंतिनने राखावी. मात्र नाव रुमसीच्याच घराचे घेतले जावे. एंतिनने हे आनंदाने मान्य केले. तिच्या वडिलांनीही मान्य केले आणि त्याच दिवशी दुसरी खुंटी उपटून टाकली. आठव्या घरच्या बाईने, यापुढे भाताची थट्टा करणार नाही, असे वचन द्यायचे साफ नाकारले. बाकी सर्व तिला मान्य होते.

शाळेच्या अंगणातली तालीम बंद झाली. यापुढे तालीम दगडी पायऱ्यांवर, भरलेल्या कावडींसह व्हावी, ही सूचना माझी होती. ती सर्वांनी स्वीकारली. नीनीने मात्र एक अट घातली: पुन्हा काठी हातात घेण्यापूर्वी न्याई गुरूने स्वतः एक कावड खांद्यावर घेऊन तो उतार एकदा उतरावा. आबाहांनी संकोचून माझ्याकडे पाहिले. मी अट मान्य केली, आणि चौथ्या दिवशी सर्व गावासमोर ती पुरी केली.

दुसऱ्याचा दोष दुरुस्त करण्यापूर्वी, त्या दोषाने कुणाचे ओझे सावरले आहे का, हे त्याच्याजवळ जाऊन पाहावे.